चेतारक्षण, कॅनॅबिनॉइडजन्य

इजा झालेल्या मेंदूतील चेतापेशींचा नाश कॅनॅबिनॉइड वर्गातील रसायनांमुळे कमी होण्याची क्रिया. ही रसायने गांजाच्या झाडात असतात, शरीर स्वतः तयार करते, शिवाय प्रयोगशाळेतही बनवली जातात. प्राण्यांवरील प्रयोगांत हे रक्षण वारंवार दिसले आहे. माणसांत ते अजून सिद्ध झालेले नाही. या विषयावरचे लोकप्रिय लेखन बहुधा माणसांबाबतचे हे वाक्य गाळते.

पक्षाघातात किंवा डोक्याला जबर मार लागल्यावर काही पेशी जागीच मरतात. त्यांना वाचवता येत नाही. खरा प्रश्न पुढच्या तासांचा आणि दिवसांचा असतो. रक्तपुरवठा तुटलेल्या चेतापेशींमधून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन भरमसाट बाहेर पडते आणि शेजारच्या पेशींवरील एनएमडीए ग्राहींना (ग्लुटामेटचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चेतवत राहते. त्या पेशींत कॅल्शियम घुसते, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, पेशीला इजा करणारी मुक्त मूलके वाढतात; त्यात सूज आणि दाहाची भर पडते. मूळ घावाबाहेरच्या पेशीही अशा मरू लागतात.

या साखळीला मेंदूचा स्वतःचा एक लगाम आहे. ग्लुटामेट घेणारी पेशी फार चेतली की ती २-एजी नावाचे कॅनॅबिनॉइड तयार करते. ते संदेशाच्या उलट दिशेने जाऊन पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावरील सीबी१ या कॅनॅबिनॉइड ग्राहीला चिकटते आणि ग्लुटामेटचा स्राव आवरते. हा उलटा प्रवास २००१ मध्ये स्पष्ट झाला. त्याच वर्षी रफाएल मेशुलाम यांच्यासह इस्रायली संशोधकांनी दाखवले, की डोक्याला मार लागलेल्या उंदरांच्या मेंदूत २-एजी वाढते आणि ते बाहेरून दिल्यास सूज व पेशीनाश दोन्ही घटतात. सीबी२ ग्राहींचा संबंध मुख्यतः दाहाशी असून ते मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींवर काम करतात.

ग्राहींना वगळूनही रक्षण घडू शकते. १९९८ मध्ये एडन हॅम्पसन आणि नोबेल विजेते ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्या गटाने उंदीरवर्गीय प्राण्याच्या मेंदूतील पेशी बशीत वाढवून त्यांना ग्लुटामेटचा मारा दिला. गांजातील नशा आणणारे टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी या दोघांनीही नुकसान कमी केले. कॅनॅबिनॉइड ग्राही बंद करूनही फरक पडला नाही. सीबीडी तर क आणि ई जीवनसत्त्वांपेक्षा सरस ठरले. याच कामावर आधारलेले पेटंट अमेरिकी सरकारला २००३ मध्ये मिळाले. गांजाचे समर्थक ते पुरावा म्हणून नाचवतात, पण पेटंट कल्पनेला मिळते, रुग्ण बरा झाल्याला नव्हे.

रुग्णांवरची मोठी कसोटी डेक्सानॅबिनॉलची झाली. मेशुलाम यांच्या जेरुसलेममधील प्रयोगशाळेतून आलेले हे कृत्रिम कॅनॅबिनॉइड नशा आणत नाही. सीबी१ ला जवळजवळ न शिवता ते एनएमडीए ग्राही रोखते. प्राण्यांत त्याने मेंदूची सूज उतरवली होती. मग १५ देशांतील ८६ केंद्रांवर, डोक्याला गंभीर इजा झालेल्या ८६१ रुग्णांची चाचणी झाली. इजेनंतर ६ तासांच्या आत शिरेतून १५० मिलिग्रॅमचा एकच डोस, आणि ६ महिन्यांनी तपासणी. २००६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: औषध सुरक्षित, पण निष्प्रभ. प्रयोगशाळेतला उंदीर ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोराने मार खातो आणि त्याला औषध वेळेवर मिळते. अपघातातून आणलेल्या दोन माणसांच्या जखमा सारख्या नसतात. चेतारक्षणाची इतर अनेक औषधेही याच टप्प्यावर पडली आहेत.

बहुविध काठिण्य (मल्टिपल स्क्लेरोसिस) या चेतासंस्थेच्या रोगात टीएचसी देऊन ब्रिटनमध्ये ४९३ रुग्णांवर केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही रोगाची वाढ मंदावली नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली ती ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या अपस्माराच्या दुर्मीळ प्रकारांतील झटके कमी करण्यासाठी. झटके थांबणे आणि पेशी वाचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गांजा ओढणे तर यांपैकी कशातच बसत नाही. त्यात टीएचसीचे प्रमाण अनिश्चित असते, आणि किशोरवयातील नियमित सेवनाचा संबंध स्मृती व अवधानाच्या तक्रारींशी तसेच मनोविकृतीच्या वाढत्या धोक्याशी आढळला आहे.