रेझिन आणि रेझँ: मनुका कुठली, द्राक्ष कुठलं?

वेरूळ-अजिंठा बघायला आलेल्या फ्रेंच पाहुण्याने छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात ‘रेझँ’ मागितलं, तर त्याच्यापुढे मनुकांची पुडी धरू नका. त्याला ताजी द्राक्षं हवी आहेत. स्पेलिंग दोन्ही भाषांत अगदी तेच. पण इंग्रजी रेझिन म्हणजे मनुका. मनुकांना फ्रेंच माणूस ‘रेझँ सेक’ म्हणतो, वाळलेली द्राक्षं.

दुसरी जोडीही तशीच फसवी. इंग्रजी ‘ग्रेप’ म्हणजे द्राक्ष, फ्रेंच ‘ग्राप’ म्हणजे अख्खा घड.

जालन्याजवळच्या कडवंचीतल्या बागायतदाराला मात्र हे समजवावं लागणार नाही. त्याच्या बोलण्यात घड वेगळा, मणी वेगळा: घडात मणी किती, मणी फुगले का, पावसाने तडकले का. फ्रेंचचीही धाटणी हीच. ग्राप म्हणजे घड, ‘ग्रँ द रेझँ’ म्हणजे मणी, आणि नुसतं रेझँ म्हणजे एकूण माल. रोजच्या इंग्रजीत मण्याला असा वेगळा शब्दच नाही.

गंमत मुळाशी आहे. लॅटिनमध्ये ‘रासेमुस’ म्हणजे घड. त्यातून फ्रेंच रेझँ आला. ग्राप जर्मानिक भाषांमधल्या (इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या) ‘आकडा’, म्हणजे हूक, या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, बहुधा आकड्याने घड ओढून काढायचे म्हणून. म्हणजे रेझँचा मूळ अर्थ धरला तर ‘ग्राप द रेझँ’ हा घडाचा घडच झाला! १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या सत्तेमुळे इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्यात हे दोन्ही शिरले. जुन्या इंग्रजीत द्राक्षाला ‘वाइन-बेरी’ अशा अर्थाचा स्वतःचा शब्द होता, तो मागे पडला. मध्ययुगीन इंग्रजीत रेझिन ताज्या द्राक्षालाही चालायचं. पुढे ग्रेप ओल्याला आणि रेझिन सुक्याला, अशी वाटणी झाली. थंड इंग्लंडात द्राक्षं मुख्यतः वाळवून, जहाजानेच येत, हे कारण मला पटतं.

रासेमुस आपल्याकडच्या बी.एस्सी.च्या पोरांनाही भेटतो, फक्त ओळख पटत नाही. वनस्पतिशास्त्रात बहाव्याच्या लोंबत्या पिवळ्या मंजरीला ‘रेसीम’ म्हणतात, ते यातूनच. रसायनशास्त्रातलं ‘रेसेमिक मिश्रण’ही (एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असलेल्या दोन तऱ्हांच्या रेणूंचं समसमान मिश्रण) तिथलंच: वाइन बनवताना साचणाऱ्या गाळात सापडलेल्या आम्लाला द्राक्षावरून रेसेमिक नाव पडलं, आणि १८४८ मध्ये लुई पाश्चरने त्याच्या क्षाराचे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असलेले स्फटिक हाताने निवडून वेगळे केले.