कामापासून मानसिक अलिप्तता

कामाची वेळ संपल्यावर शरीराबरोबर मनानेही कामातून बाहेर पडणे, म्हणजे कामाचे विचार, त्याची धाकधूक आणि कामाचे फोन-संदेश यांपासून काही तास मोकळे होणे, याला मानसिक अलिप्तता म्हणतात. रोजच्या बोलण्यात तिची उलट बाजूच अधिक ऐकू येते: ‘घरी आलो, पण डोक्यातून ऑफिस जात नाही.’ ही संकल्पना इस्रायलमध्ये राखीव सैनिकी सेवेवर गेलेल्या नोकरदारांच्या १९९८ मधील अभ्यासातून पुढे आली. झाबिने झोनेनटाग व शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामाचा शीण भरून काढणारे अनुभव मोजण्याची प्रश्नावली तयार केली, तीत विसावा, नवे काही आत्मसात करणे आणि मोकळ्या वेळावरचा ताबा यांच्या जोडीला अलिप्ततेला स्थान मिळाले.

काम थांबले तरी चिंता चालू राहते, याचे एक कारण अपुऱ्या कामांत आहे. ब्लूमा झाइगार्निक यांनी १९२७ मध्ये असे मांडले की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे अधिक लक्षात राहतात. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी तितका ठळक दिसला नाही. तरीही अर्धवट फाईल रात्री आठवणे हा अनुभव कोणाही नोकरदाराच्या ओळखीचा आहे. मन त्याच गोष्टीवर घुटमळत राहिले की शरीरही ताणलेलेच राहते आणि झोप लांबते. त्यातही दुःखाची गोष्ट ही की ज्यांच्यावर ताण सर्वाधिक असतो, त्यांनाच अलिप्त होणे सर्वांत जड जाते. म्हणून ‘घरी आल्यावर कामाचा विचार करू नकोस’ हा सल्ला आपुलकीने दिला तरी निरुपयोगी ठरतो, कारण मुद्दाम दाबलेला विचार पुन्हा वर येतोच.

नागपुरात कामाची सीमा पुसट होण्याची कारणे स्थानिकही आहेत. विमानतळालगतच्या मिहान या उद्योग-प्रकल्पातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत अमेरिकी ग्राहकांचे काम करणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कचे सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात येथील संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. बैठक नेमकी जेवणाच्या वेळेवर येते. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्नांच्या उत्तरांसाठी माहिती जुळवणाऱ्या कर्मचाऱ्याचा फोन रात्रीही वाजतो. संध्याकाळचे फिरणे हा मन वळवण्याचा जुना उपाय, पण पारा ४५ अंशांकडे सरकला की दिवेलागणीनंतरही रस्त्यावर झळा लागतात, तेव्हा अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सचे फिरणे पहाटेवर ढकलावे लागते.

उपायांतला सर्वांत साधा आणि प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे कामाच्या जागेवरून उठण्यापूर्वी उरलेले काम लिहून ठेवणे. ‘बिलाचे बघणे’ असे मोघम लिहून भागत नाही. ‘उद्या ११ वाजता बुटीबोरीच्या पुरवठादाराला फोन, बिलाची दुसरी प्रत मागणे’ इतके नेमके लिहावे लागते. मासिकॅम्पो व बाउमाइस्टर यांच्या २०११ मधील प्रयोगांत अपुऱ्या कामाची ठोस योजना केल्यावर, काम तसेच बाकी असूनही, त्याचे विचार मध्ये मध्ये येणे थांबले. २०१८ मध्ये अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेल्या अभ्यासात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. उद्याचे काम कोठे आणि केव्हासाठी ठेवले आहे हे कळले की मनाला त्याची राखण करावी लागत नाही.

यानंतर प्रवास उपयोगी पडतो. खापरीहून मेट्रोत बसलेला कर्मचारी कामाच्या गटाचे आवाज बंद करून फोन डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवतो आणि बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, उतरेपर्यंत बाहेर काढत नाही. रोज त्याच क्रमाने केलेली ही कृती मनाला दिवस संपल्याची खूण देते. घरून काम करणाऱ्याला असा रस्ता मिळत नाही. त्याने लॅपटॉप कपाटात ठेवून कपडे बदलणे आणि कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारणे, एवढे तरी करावे.

मात्र रात्री साडेदहाला ‘एवढे बघून घ्या’ असा वरिष्ठांचा संदेश येत असेल, तर दोष कर्मचाऱ्याच्या मनोबलाचा मानणे अन्यायाचे आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. भारतात सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते.

धडधड, निद्रानाश किंवा कामावर जाण्याची भीती आठवडेच्या आठवडे टिकली, तर वह्या आणि फेऱ्यांवर विसंबून राहू नये. अशा चिंतेवर वर्तन-उपचार, समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे परिणामकारक ठरतात. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकारशास्त्र विभाग व प्रादेशिक मनोरुग्णालय येथे बाह्यरुग्ण तपासणी होते. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य आणि चोवीस तास बोलता येते.