खाण्याचा सोडा की धुण्याचा सोडा? बिअरच्या बाटलीचं लेबल नेमकं कशाने सुटतं

घरी बिअर करायला लागलं की पहिल्याच खेपेला एक गोष्ट कळते. बिअर होऊन जाते, जीव जातो तो बाटल्यांत. वीस लिटरची खेप 330 मिलिलिटरच्या बाटल्यांत भरायची तर साठ बाटल्या लागतात. प्रत्येकीवर पुढे एक लेबल, मागे एक, आणि बऱ्याचदा मानेवरही एक. नखाने खरवडायला बसलात तर तिसऱ्या बाटलीला उत्साह संपतो. मग कुणीतरी सांगतं, "सोड्याच्या पाण्यात टाक, आपोआप सुटतील." सल्ला बरोबर असतो, पण सोडा कुठला ते सांगायचं राहून जातं.

मी अर्थातच हाताशी होता तो, म्हणजे खाण्याचा सोडा घातला. बादलीभर गार पाणी, चार मोठे चमचे सोडा, बाटल्या रात्रभर. सकाळी काही लेबलं पाण्यावर तरंगत होती, काही एका कडेने सुटून लोंबत होती, आणि एका ब्रँडच्या सगळ्या बाटल्या काल होत्या तशाच. पुढच्या खेपेला त्याच ब्रँडच्या बाटल्या धुण्याच्या सोड्यात घातल्या, पाणी चांगलं गरम घेतलं. अर्ध्या तासात लेबलं अख्खीच्या अख्खी सरकून खाली आली. काचेवर डिंकाचे आडवे पट्टे तेवढे उरले होते, शेवाळासारखे बुळबुळीत. अंगठा फिरवला की गेले.

दोन्ही पांढरी पूड, दोन्हींचं आडनाव सोडा. खाण्याचा तो सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा तो सोडियम कार्बोनेट. कार्बोनिक आम्लात हायड्रोजनचे दोन अणू असतात. दोन्हींच्या जागी सोडियम बसला की धुण्याचा सोडा होतो. एकाच्याच जागी बसला आणि दुसरा हायड्रोजन तसाच राहिला, तर खाण्याचा. म्हणजे खाण्याच्या सोड्यात आम्लाचा थोडा अंश अजून शिल्लक असतो, आणि त्याचा मवाळपणा तिथूनच येतो. पाण्यात विरघळवल्यावर त्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा-अल्कलीपणाचं (अल्कली म्हणजे आम्लाच्या उलट) माप, 8 च्या जेमतेम वर जातो. धुण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणाचा पीएच 11 च्याही वर असतो. पीएचच्या मोजपट्टीवर एकेक पायरी दहापटीची, त्यामुळे तीन पायऱ्यांचा फरक म्हणजे अल्कलीपणात सुमारे हजारपट फरक. चमचाभर जास्त घालून तो भरून निघत नाही. खाण्याचा सोडा कितीही ओता, पीएच तिथेच घुटमळतो.

डिंकाला या अल्कलीपणाशी काय देणंघेणं? बिअरच्या बाटलीवरच्या लेबलाकडून कारखान्याच्या दोन उलट अपेक्षा असतात. बाटली बर्फाच्या पाण्यात तासभर राहिली तरी लेबल सुटू नये, आणि रिकामी बाटली पुन्हा भरायला परत आली की धुण्याच्या यंत्रात ते झटकन सुटावं. या दोन्हींत बसणारा जुना भरवशाचा डिंक म्हणजे केसीनचा. केसीन हे दुधातलं प्रथिन. आम्लात ते गोठतं, गार पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण अल्कलीत विरघळतं. म्हणूनच बाटल्या धुणारी यंत्रं कॉस्टिक सोड्याचं (सोडियम हायड्रॉक्साइड, फार जहाल अल्कली) गरम द्रावण वापरतात. आपण बादलीत धुण्याचा सोडा घालतो तेव्हा त्याच यंत्राची सौम्य नक्कल करत असतो. खाण्याच्या सोड्याला मात्र केसीन फारसं बधत नाही.

सगळीच लेबलं केसीनची नसतात. स्टार्च किंवा डेक्स्ट्रिनचा (स्टार्चपासूनच बनणारा) डिंक असेल तर तो गरम पाण्यानेच फुगून सुटतो, सोडा घाला न घाला. खाण्याच्या सोड्याचं जे कौतुक ऐकू येतं, त्यातलं बरंचसं श्रेय खरं तर गरम पाण्याचं आणि रात्रभराच्या वेळेचं असतं. पुढच्या वेळी एक बाटली नुसत्या गरम पाण्यात ठेवून बघा. तिचंही लेबल निघालं, तर त्या ब्रँडसाठी सोडा वाया घालवू नका.

पण "मी खाण्याचाच सोडा घालतो आणि माझी लेबलं निघतात" असं शपथेवर सांगणारे खोटं बोलतात असं नाही. नीट विचारलं तर त्यातला एखादा सांगतो की तो पातेल्यात पाणी आणि सोडा उकळतो आणि मग बाटल्यांवर घेतो. इथेच गोम आहे. खाण्याचा सोडा तापवला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं आणि मागे धुण्याचा सोडा राहतो. द्रावण उकळलं तरी हा बदल थोड्याफार प्रमाणात होतोच, बुडबुडे निघतात आणि पीएच वर सरकतो. म्हणजे त्या गृहस्थांनी घातला खाण्याचा, वापरला काही अंशी धुण्याचा.

सोड्याच्या कारखान्यातही हेच घडतं. बेल्जियन रसायनतज्ज्ञ अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी 1861 मध्ये शोधलेल्या पद्धतीत मिठाचं पाणी, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून आधी बायकार्बोनेट मिळतं, कारण ते पाण्यात कमी विरघळतं आणि साक्याच्या रूपात खाली बसतं. ते भाजलं की धुण्याचा सोडा. हे घरीही जमतं. खाण्याचा सोडा काचेच्या किंवा स्टीलच्या ट्रेमध्ये पातळ पसरून 200 अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवायचा. 100 ग्रॅम ठेवलात तर साधारण 63 ग्रॅम हाती येतो. वजन घटायचं थांबलं की समजायचं, भाजून झाला. धुण्याचा सोडा मिळत नसेल तर हा मार्ग चांगला, नाहीतर उगाच ओव्हन कशाला तापवा.

प्रमाण सांगायचं तर दहा लिटर गरम पाण्याला 100 ग्रॅम. हे झालं कोरड्या पुडीचं. बाजारात धुण्याचा सोडा पारदर्शक खड्यांच्या रूपातही असतो, आणि त्या खड्यांत वजनाच्या 63 टक्के नुसतं पाणीच असतं. खडे घेतलेत तर 270 ग्रॅम लागतील. "सोडा घातला पण काहीच झालं नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हा हिशेब असतो. बाटल्या आतूनही भरून बुडवा, नाहीतर त्या बदकांसारख्या तरंगत राहतात आणि वरचं निम्मं लेबल कोरडंच. गार काचेवर उकळतं पाणी ओतू नका, तडा जातो. हातमोजे घाला. हे पाणी बोटांना बुळबुळीत लागतं ना, ते आपल्याच कातडीवरच्या तेलाचा साबण होत असतो म्हणून.

चंदेरी लेबल किंवा मानेवरची अॅल्युमिनियमची फॉइल असेल तर धुण्याच्या सोड्यात बारीक फेस येतो. अॅल्युमिनियम अल्कलीत विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. घाबरायचं कारण नाही, पण बादलीवर घट्ट झाकण ठेवू नका, आणि अॅल्युमिनियमच्या पातेल्यात हा उद्योग करू नका. पातेलं काळं पडतं. खाण्याच्या सोड्यात अशी लेबलं तासन्‌तास ढिम्म बसून राहतात.

मग खाण्याचा सोडा निरुपयोगीच? नाही. स्टिकरसारखी सोलून चिकटवलेली लेबलं असतात, विशेषतः छोट्या ब्रुअरींची. त्यांचा गोंद अॅक्रिलिकचा किंवा रबराचा असतो, आणि त्याला दोन्ही सोडे सारखेच. कागद भिजून निघेल, खालचा चिकटा हलणार नाही. तिथे खाण्याचा सोडा आणि तेल यांची दाटसर पेस्ट लावून वीसेक मिनिटं ठेवायची. तेल गोंदात मुरून त्याला सैल करतं आणि सोड्याचे कण तो घासून काढतात. हे कण काचेपेक्षा बरेच मऊ असतात, ओरखडा पडत नाही. धुण्याच्या सोड्याने हे काम केलंत तर हाताची आग होईल. तेलकटपणा मात्र नंतर नीट काढायला हवा, कारण तेलाचा अंश राहिला तर ग्लासात ओतलेल्या बिअरचा फेस बसतो. काचेवर रंगात छापून भाजलेल्या अक्षरांवर दोन्हींचाही इलाज चालत नाही. ती बाटली तशीच वापरा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय काही जण सुचवतात. फसफस छान दिसते, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास नुसतं पाणी. व्हिनेगरची वेळ नंतर येते. जड पाण्यात धुण्याचा सोडा कॅल्शियमला पकडतो आणि बाटली वाळल्यावर तिच्यावर पांढुरका पापुद्रा दिसतो. तेव्हा व्हिनेगरच्या किंवा सायट्रिक अॅसिडच्या पाण्यातून बाटली फिरवली की काच लख्ख. आणि यातलं काहीही जंतुनाशक नव्हे. बाटली भरायच्या आधी निर्जंतुक करायची ती वेगळी पायरी.

घरात दोन बिननावाचे डबे निघाले तर चव घेऊन ठरवायला जाऊ नका. व्हिनेगरने तर दोन्ही फसफसतात, त्यावरून काही कळत नाही. पीएचची पट्टी असेल तर क्षणात निकाल लागतो. नसेल तर एप्सम सॉल्टच्या (मॅग्नेशियम सल्फेट) गार पाण्यात चिमूटभर पूड विरघळवा. पाणी दुधाळ झालं तर धुण्याचा, निवळ राहिलं तर खाण्याचा. कॉस्टिक सोडा हा या दोघांचा नात्यातला थोरला, पण तो कातडी आणि डोळे जाळतो. यंत्रांसाठी ठीक आहे, बादलीसाठी नको.

माझ्या धुण्याच्या सोड्याच्या डब्यावर आता मार्करने ठसठशीत नाव लिहिलंय. आधी कागदी लेबल चिकटवलं होतं, ते ओल्या हातांनी डबा उचलता उचलता दोनदा सुटून आलं.