दयेचं काम आणि न्यायाचं काम: मुलींच्या कॅथलिक शाळेतला नेहमीचा घोळ

मुलींच्या कॅथलिक हायस्कूलमध्ये 'सेवा' या एका शब्दाखाली काय काय येतं ते बघा. ब्लँकेटं गोळा करणं, वृद्धाश्रमात जाऊन गाणी म्हणणं, अन्नपेढीत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात, पिशव्या भरणं, मानवी तस्करीविरुद्ध पोस्टर लावणं, किमान वेतनाबद्दल लोकप्रतिनिधींना पत्र लिहिणं. पहिली तीन कामं एका जातीची आहेत आणि शेवटचं दुसऱ्या. पोस्टरचं काय करायचं ते पुढे बघू. कॅथलिक शिकवणीत या दोन जातींना वेगळी नावं आहेत, दया आणि न्याय. शाळा मात्र दोन्ही एकाच वहीत, एकाच रकान्यात लिहिते आणि शेवटी तासांची बेरीज करते.

दया ओळखायला सोपी. समोर माणूस आहे, त्याला आत्ता काहीतरी हवंय आणि ते तुम्ही देता. याची जुनी यादीच आहे: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट आणि मृताला मूठमाती. शेवटचं कृत्य बायबलमधल्या तोबीताच्या पुस्तकातून आलं, बाकीची सहा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातून. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीची निगा हेही दयाकृत्य मानावं असं सुचवलं, तेव्हा झाडं लावणाऱ्या वर्गालाही आता या यादीत जागा आहे.

दया म्हणजे भाबडेपणा, असं मात्र कुणी समजू नये. १६१७ साली फ्रान्समधल्या शातियों गावात व्हिन्सेंट द पॉल हे धर्मगुरू होते. गावाबाहेरचं एक अख्खं कुटुंब आजारी पडलंय, हे त्यांनी प्रवचनात सांगितलं आणि त्याच दुपारी त्या घराकडे माणसांची रीघ लागली, प्रत्येकाच्या हातात काही ना काही. व्हिन्सेंट यांना त्यातली गोम लगेच कळली. आज त्या घरात इतकं साचेल की नासून जाईल, आणि चार दिवसांनी तेच घर पुन्हा उपाशी असेल. त्यांनी गावातल्या बायकांची एक मंडळी बांधली आणि कुणी कधी जायचं ते वाटून दिलं. पुढे १६३३ मध्ये लुईझ द मारियाक यांच्या बरोबरीनं त्यांनी 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' हा धर्मभगिनींचा संघ सुरू केला. ख्रिसमसच्या आधी शाळेच्या व्हरांड्यात खोक्यांची चळत लागते आणि फेब्रुवारीत तिथे एकही खोकं नसतं. हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका माणसानं सोडवून ठेवलाय.

पण व्हिन्सेंट यांनी जे केलं तीही दयाच होती, फक्त शिस्तीत बसवलेली. शाळांची गल्लत नेमकी इथे होते. कार्यक्रम मोठा झाला, त्याला समन्वयक मिळाली, बस ठरली, एकसारखे टी-शर्ट आले, की वाटायला लागतं आपण 'सामाजिक न्याय' करतोय. पाचशे पिशव्या भरल्या काय किंवा पाच भरल्या काय, कामाची जात बदलत नाही.

न्यायाचं काम सुरू होतं ते वेगळ्या प्रश्नापासून: या माणसावर मागायची वेळ का आली, आणि ती येऊ नये म्हणून कोणता नियम, कोणता पगार, कुणाचा निर्णय बदलावा लागेल? हा प्रश्न ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, बाहेरून कुणी आणून चिकटवलेला नाही. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात लिहून ठेवलं की, मजुरानं गरजेपोटी कमी पगाराला होकार दिला तरी तेवढ्यानं तो पगार रास्त ठरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६५ मध्ये त्याहून स्पष्ट सांगितलं. जे माणसाला हक्कानं देणं लागतो ते आधी द्या, तेच त्याला दान म्हणून देऊ नका. दुखण्याचे परिणाम निस्तरून थांबू नका, कारणं काढा. आणि मदत अशी करा की घेणारा हळूहळू स्वतःच्या पायावर उभा राहील. सेवाकार्याच्या माहितीपत्रकांवर मत्तयचा २५वा अध्याय हटकून छापला जातो. परिषदेचं हे म्हणणं छापलेलं मात्र माझ्या तरी पाहण्यात नाही.

अन्नपेढीतलीच एक शनिवार-सकाळ घ्या. मुली टेबलाभोवती उभ्या राहून डबे तपासतात. फुगलेला डबा बाद, शिवणीवर पोचा पडलेला बाद, लेबल फाटलेला बाजूला. मग चौघांच्या घराला किती, दोघांच्या घराला किती, या हिशेबानं पिशव्या भरतात. हात भराभर चालतात, गप्पा होतात, आणि अकरा वाजता दार उघडलं की पिशव्या दिल्या जातात. हे सगळं दयेचं काम आहे आणि ते नीट झालं तर उत्तम आहे.

आता त्यांतली एक मुलगी विचारते, की महिन्याच्या शेवटी रांग एवढी का वाढते? दुसरीच्या लक्षात येतं की रांगेतल्या बऱ्याच जणांच्या अंगावर कामावरचा गणवेश आहे. सुरक्षारक्षक आहेत, सफाई कामगार आहेत, रुग्णालयातल्या मदतनीस आहेत. म्हणजे नोकरी आहे आणि तरी रांग आहे. या घटकेला त्या मुली दुसऱ्या कामाच्या दाराशी येऊन उभ्या आहेत. पुढे शिक्षिकेनं काय करायचं, यावर सगळं अवलंबून. "छान निरीक्षण" म्हणून विषय मिटवता येतो. किंवा पुढच्या आठवड्यात वर्गात त्या भागातलं घरभाडं आणि किमान वेतन फळ्यावर शेजारी शेजारी मांडता येतं, कामगार संघटनेच्या कुणाला तरी बोलावता येतं, आणि वेतनावरची जाहीर सुनावणी कधी आहे ते शोधता येतं.

न्याय म्हटलं की मोर्चाच निघायला हवा असंही नाही. काही अन्नपेढ्यांनी भरलेल्या पिशव्या देणं थांबवून फडताळं मांडली आहेत. घरात काय चालतं ते पाहून माणसं स्वतः निवडतात. अन्न तेच, देणारे तेच, पण निवडायचा अधिकार टेबलाच्या पलीकडे गेला. न्यायाचं हे छोटं रूप मला फार आवडतं, कारण त्यात मुलींना काहीतरी सोडावं लागतं. पिशवी कशी भरायची हे ठरवण्यातली मजा जाते.

दोन कामं समोर आली तर कोणतं कुठलं हे कसं ओळखायचं? मी एकच प्रश्न विचारते: हे काम यशस्वी झालं तर काय होईल? दयेचं काम यशस्वी झालं की आज रात्रीची गरज भागते आणि उद्या पुन्हा यावं लागतं. न्यायाचं काम यशस्वी झालं की रांग आखूड होते आणि कधीतरी शाळेचा हा कार्यक्रमच बंद पडतो. ज्या उपक्रमाची 'पंचविसाव्या वर्षात यशस्वी पदार्पण' अशी जाहिरात होते तो बहुधा पहिल्या जातीचा असतो. दुसरी खूण जरा वात्रट आहे. दयेच्या कामाबद्दल पालकांची तक्रार येत नाही. न्यायाच्या कामाबद्दल येते. कुणाचा तरी कारखाना असतो, कुणाची तरी भाड्यानं दिलेली घरं असतात.

आता ते पोस्टर. तस्करीविरुद्धचं पोस्टर न्यायाचं वाटतं, कारण विषय मोठा आहे. पण कुठल्याही पीडित बाईशी वा तिच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेशी संबंध न येता, इंटरनेटवरून चित्र घेऊन केलेलं पोस्टर ना दया ठरतं ना न्याय. तो कलेचा तास झाला. धर्मभगिनींनीच २००९ मध्ये उभं केलेलं 'तालिथा कुम' हे तस्करीविरोधी जाळं अनेक देशांत काम करतं. त्यांच्यातल्या एखाद्या सिस्टरला बोलावून, तिला शाळेकडून काय हवंय ते विचारलं तर पोस्टरची गरज आहे की नाही हे पाच मिनिटांत कळेल. येशूसंघाचे (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे) तेव्हाचे प्रमुख पीटर-हान्स कोल्व्हेनबाख यांनी २००० मध्ये सांता क्लारा विद्यापीठातल्या भाषणात पोप जॉन पॉल दुसरे यांचा हवाला देऊन सांगितलं होतं, की पीडितांशी आपुलकीचं नातं संकल्पनांतून शिकता येत नाही, ते प्रत्यक्ष संपर्कातून शिकावं लागतं. म्हणजे न्यायाकडे जायची वाटही बऱ्याचदा दयेच्या टेबलावरूनच जाते. आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ मध्ये लिहिलं तेही विसरता येत नाही: समाज कितीही न्यायी झाला तरी प्रेमानं केलेल्या सेवेची गरज संपणार नाही. आजारी म्हाताऱ्या बाईला कायदा औषध देईल, तिच्या उशाशी बसायला माणूसच लागतं.

तासांच्या हिशेबाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण घोळ वाढवतो तो हाच. तास मोजले की दयेचं काम झटकन वहीत बसतं: शनिवारी नऊ ते बारा, तीन तास, सही. न्यायाच्या कामात आठवडाभर वाचन, दोन बैठका, एक न आलेलं उत्तर आणि एक फिसकटलेली भेट असते. ते कुठल्या रकान्यात टाकणार? कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात हायस्कूलचं प्रमाणपत्र मिळवायला ४० तास समाजकार्य लागतं. कॅथलिक शाळांनाही तो नियम लागू आहे. घरातली रोजची कामं त्यात धरली जात नाहीत. नियम म्हणून ते समजण्यासारखं आहे, नाहीतर प्रत्येक जण भांडी घासल्याचे तास लावेल. पण मुलींच्या शाळेत याचा अर्थ काय होतो ते पाहा. जी मुलगी शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळते आणि आजीची औषधं बघते तिच्या वहीत शून्य. जिच्या घरी हे करायला पगारी बाई आहे ती वृद्धाश्रमात जाऊन दुसऱ्याच्या आजीशी बोलते आणि तिला तास मिळतात. त्यात दयेचा अपमान नाही, पण न्यायाच्या दृष्टीनं हा हिशेब उलटा आहे, आणि हे उलटेपण वर्गात मांडायला हरकत नाही. बारावीच्या मुली त्यावर कडकडून भांडतील.

मुलींच्या शाळेत ही गल्लत जास्त महाग पडते, असं माझं मत आहे. सेवा करणं हा मुलींचा स्वभावच, असं घरीदारी सगळे धरून चाललेले असतात. मुलगा अन्नपेढीत गेला तर त्याचं कौतुक, मुलगी गेली तर "ती आहेच मायाळू". अशा मुलीला शाळेनंही फक्त वाढायला, पुसायला, हसून बोलायला शिकवलं, तर जगानं आधीच शिकवलेल्या धड्याची ती उजळणी झाली. अर्थसंकल्प वाचणं, सुनावणीत उभं राहून बोलणं, "हे असं का?" विचारून उत्तर मिळेपर्यंत बसून राहणं, याचा सराव तिला न्यायाच्या कामात मिळतो.

गंमत म्हणजे या शाळा ज्यांनी उभ्या केल्या त्या बायका अशाच होत्या. अठराव्या शतकाच्या मध्यावर कॉर्क शहरात नॅनो नेगल यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा आयर्लंडमध्ये कॅथलिकांनी शाळा चालवणं कायद्यानं गुन्हा होता. त्यांनी गरिबांना भाकरी दिली आणि कायदाही मोडला. कॅथरीन मॅकॉली यांना वारशात मोठी रक्कम मिळाली. त्यांनी डब्लिनच्या बॅगट स्ट्रीटवर, चांगल्या वस्तीत, घर बांधलं आणि १८२७ मध्ये ते कामकरी मुलींसाठी उघडलं. तिथे आसरा होता तसं पोटापाण्याचं शिक्षणही होतं. पुढे १८३१ मध्ये त्यातून 'सिस्टर्स ऑफ मर्सी' हा संघ निघाला. नावातच दया आहे, आणि काम मात्र दोन्ही. इंग्लंडच्या मेरी वॉर्ड यांनी मठाच्या भिंतीआड न राहता मुलींना शिकवायचा आग्रह धरला, त्यापायी १६३१ मध्ये त्यांचा संघ पोपच्या आदेशानं बरखास्त झाला आणि त्यांना म्युनिकमध्ये कैदेत ठेवलं गेलं. संस्थापिकेच्या सणाला शाळेत तसबिरीला हार पडतो आणि भाषणात "त्यांचं हृदय प्रेमानं भरलेलं होतं" एवढंच येतं. कैद वगळून केलेलं चरित्र मुलींना कशाला सांगायचं?

न्यायाचं काम शोधायला बसनं लांब जावं लागतं, हाही एक समज आहे. वेतन, कंत्राट, खरेदी हे सगळं शाळेच्या फाटकाच्या आतही चालतं. गणवेश कुठे शिवला जातो, वर्ग झाडणाऱ्या मावशी शाळेच्या नोकरीत आहेत की कंत्राटदाराच्या, त्यांना आजारपणाची रजा पगारी मिळते का, शिष्यवृत्तीवरच्या मुलीला सहलीचे पैसे सगळ्यांसमोर माफ होतात की गुपचूप. एखाद्या वर्गानं त्या मावशींसाठी वर्गणी काढून ख्रिसमसची भेट दिली तर ती दया झाली, आणि मावशी ती आनंदानं घेतीलही. त्याच वर्गानं सफाईच्या कंत्राटाची प्रत मागितली, तर ऑफिसातल्या क्लार्कला आधी मुख्याध्यापिका सिस्टरांना विचारावं लागेल, आणि सिस्टरांना व्यवस्थापनाला.