नवसदस्य मार्गदर्शन (विकिपीडिया)

विकिपीडियावर नुकतेच खाते उघडलेल्या व्यक्तीला अनुभवी संपादकाने काही काळ सोबत घेऊन काम शिकवण्याच्या पद्धतीला नवसदस्य मार्गदर्शन म्हणतात. मार्गदर्शक हा नवसदस्याचा वरिष्ठ नसतो आणि परीक्षकही नसतो. तो प्रचालक (पाने वगळणे, खाती रोखणे असे जादा अधिकार असलेला सदस्य) असलाच पाहिजे असे नाही, आणि कुणाचा लेख ‘मंजूर’ करण्याचा विशेष हक्कही त्याला नसतो. त्याचे काम बरेचसे दुभाष्याचे. उलटवलेले (रद्द करून आधीचा मजकूर परत आणलेले) संपादन, वाक्याच्या शेपटाला लागलेले ‘संदर्भ हवा’, लेखाच्या डोक्यावर आलेला पानकाढा साचा (पान वगळावे असे सुचवणारी तयार पाटी) या समुदायाच्या तुटक खुणा असतात. त्यांचा अर्थ साध्या भाषेत सांगायचा, आणि तोही माणूस वैतागून निघून जाण्याआधी.

पार्श्वभूमी

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. सुरुवातीच्या काळात सगळेच नवे होते आणि नियमही थोडे होते, त्यामुळे मार्गदर्शनाची वेगळी गरज भासली नाही. लेख वाढले, खोडसाळपणा वाढला, मग नव्या बदलांवर पहारा आला. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ च्या सुमारास शिखरावर पोहोचून घसरू लागली. संशोधक आरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या घसरणीचा संबंध पहाऱ्याच्या अर्धस्वयंचलित साधनांशी आणि दिवसेंदिवस घट्ट होत गेलेल्या नियमांशी जोडला आहे. चांगल्या हेतूने केलेली नवख्यांची संपादनेही पूर्वीपेक्षा जास्त प्रमाणात उलटवली जाऊ लागली, आणि ज्यांची उलटवली गेली ते बहुधा परतले नाहीत.

‘नवख्यांना चावू नका’ हा इंग्रजी विकिपीडियाचा संकेत जुना आहे. पण संकेत लिहून ठेवल्याने कुणी कुणाला शिकवू लागत नाही. त्यासाठी निरनिराळ्या समुदायांनी निरनिराळ्या सोयी केल्या. जर्मन विकिपीडियाने २००७ मध्ये मार्गदर्शक योजना सुरू केली. तिच्यात नवसदस्य आपल्या सदस्य पानावर ‘मार्गदर्शक हवा’ अशा अर्थाचा साचा लावतो आणि यादीतला कुणीतरी त्याची जबाबदारी घेतो. इंग्रजीत ‘दत्तक सदस्य’ योजना होती. २०१२ मध्ये तिथे ‘टीहाऊस’ नावाचे प्रश्नोत्तरांचे पान आले. तिथे एका व्यक्तीशी जोडी जुळत नाही, जो हजर असेल तो उत्तर देतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या ‘ग्रोथ’ गटाने २०१८ पासून चेक आणि कोरियन विकिपीडियांवर प्रयोग सुरू केले. त्यातून आलेले नवसदस्य मुखपृष्ठ आज अनेक भाषांत वापरात आहे.

यंत्रणा कशी चालते

या मुखपृष्ठावर नवसदस्याला एका मार्गदर्शकाचे नाव, त्याची संपादनसंख्या आणि तो अलीकडे कधी सक्रिय होता हे दिसते. नाव यंत्रणा आपोआप नेमून देते. खालच्या चौकटीत लिहिलेला प्रश्न थेट मार्गदर्शकाच्या चर्चा पानावर (त्याला संदेश देण्याच्या पानावर) नवा विभाग म्हणून जातो. तो सगळ्या जगाला दिसतो, ही गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रश्नासोबत मोबाइल क्रमांक, पत्ता, कधी पासवर्डसुद्धा येतो. असा मजकूर पानावरून नुसता पुसून भागत नाही, कारण पानाच्या इतिहासात जुनी आवृत्ती शिल्लक राहते. ती आवृत्ती दडवण्याची विनंती अधिकार असलेल्यांना करावी लागते, आणि ती चावडीवर (समुदायाच्या जाहीर चर्चेच्या पानावर) बोभाटा न करता ईमेलने केलेली बरी. पासवर्ड उघड झाला असेल तर तो तत्काळ बदलायला सांगावे.

मार्गदर्शकाच्या बाजूला एक फलक असतो. त्यावर आपल्याकडे आलेले सदस्य, त्यांची संपादने आणि उलटवलेली संपादने दिसतात. जे खरोखर काम करत आहेत त्यांच्या नावापुढे चांदणी लावून ठेवता येते. नवे सदस्य कमी-जास्त यावेत असे ठरवता येते, आणि परीक्षा किंवा प्रवास असेल तर ‘सध्या दूर’ अशी नोंद करता येते. ही शेवटची सोय फार कमी लोक वापरतात. मग प्रश्न पंधरा दिवस पडून राहतात.

पहिले उत्तर

पहिल्या उत्तरावर बरेच काही ठरते. ते शक्यतो त्याच दिवशी जावे. त्यात तीन गोष्टी असल्या तरी पुरे: त्या सदस्याने नेमके काय केले हे पाहिल्याची खूण (‘फरक’ म्हणजे नेमका बदल दाखवणाऱ्या दुव्यासह), त्यातले काय टिकले वा का टिकले नाही, आणि पुढे करायची एकच कृती. ‘कृपया विकिपीडियाची धोरणे वाचा’ हे उत्तर होत नाही. सहा धोरणांचे सहा दुवे देणे त्याहून वाईट. स्वागताचा साचा लावायला हरकत नाही, पण त्यातला मजकूर कुणी वाचत नाही असे धरूनच पुढचे लिहावे.

तांत्रिक चूक इथे सर्रास होते. उत्तरात सदस्याला साद घातली (त्याला सूचना जावी म्हणून त्याच्या नावाचा दुवा दिला), पण चार नागमोडी चिन्हांची (~~~~) सही करायची राहिली, तर सूचना जातच नाही. नंतर नुसती सही जोडूनही उपयोग होत नाही. साद आणि सही एकाच संपादनात हवीत, म्हणून संदेश नव्याने लिहावा लागतो. अगदी नव्या माणसाला त्याच्याच चर्चा पानावर उत्तर देणे सगळ्यांत खात्रीचे. ‘उजवीकडच्या कोपऱ्यात टिचकी मारा’ असे सांगण्याआधी तो मोबाइलवर आहे की संगणकावर, हेही विचारून घ्यावे. दोन्हीकडे कळा वेगळ्या जागी असतात.

मराठीत नवसदस्य बरेचदा अर्जाच्या भाषेत लिहितात: ‘माननीय प्रचालक महोदय, माझा लेख मंजूर करावा ही नम्र विनंती.’ त्यांना साहेबांची कचेरी अपेक्षित असते. उत्तर ‘आपण’ म्हणूनच द्यावे, पण इथे अर्ज करायचा नसून कुणीही बदल करू शकतो, हे पहिल्याच उत्तरात सांगून टाकावे. एकाच वाक्याने ही सवय जात नाही, दोन-तीनदा सांगावे लागते.

कामाचा क्रम

जवळपास प्रत्येक नवख्याला नवा लेख लिहायचा असतो, आणि तेच काम सगळ्यांत अवघड असते. नव्या लेखाला उल्लेखनीयता (स्वतंत्र लेख असण्याइतके विषयाचे महत्त्व) लागते, स्वतंत्र स्रोत लागतात, मांडणी लागते. यातले एक चुकले की लेख वगळला जातो आणि माणूसही जातो. म्हणून आधी शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या, मग दुवे जोडणे, मग ‘संदर्भ हवा’ लिहिलेल्या एखाद्या वाक्याला संदर्भ, मग असलेल्या लेखात एक परिच्छेद, असा चढता क्रम ठेवतात. मुखपृष्ठावरची सुचवलेली कामेही सोपी, मध्यम, अवघड अशीच लावलेली असतात. इंग्रजी विकिपीडियावर खाते चार दिवसांचे होऊन दहा संपादने झाल्याशिवाय थेट लेख नामविश्वात (प्रत्यक्ष लेखांच्या विभागात) नवे पान करताच येत नाही, त्यामुळे तिथे हा क्रम थोडा आपोआप पाळला जातो.

तरीही कुणी नव्या लेखावर अडून बसले तर तो आधी त्याच्या धूळपाटीवर (स्वतःच्या सरावाच्या पानावर) लिहून घ्यावा. सदस्य नामविश्वातल्या धूळपाटीवर चार दिवस अर्धवट मजकूर राहिला तरी सहसा कुणी हात लावत नाही. प्रताधिकारभंग आणि जाहिरात मात्र तिथेही चालत नाही.

गावाचा लेख हा मराठीतला उत्तम सराव आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांवर दोन-तीन ओळींचे लेख आहेत आणि नवसदस्य आपल्या गावापासून सुरुवात करतो, ते स्वाभाविकच आहे. तो लिहितो: ‘आमचे गाव सुजलाम सुफलाम असून येथील ग्रामदैवत जागृत आहे.’ मार्गदर्शकाने हे वाक्य परस्पर खोडू नये. तालुका कोणता, नदी कोणती, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या किती, मुख्य पीक कोणते, यात्रा कोणत्या तिथीला भरते, हे विचारत जावे. प्रत्येक उत्तराला ‘हे कुठे छापलेले आहे?’ असा पुढचा प्रश्न जोडावा. आजोबांनी सांगितले हा संदर्भ होत नाही, हे इथे गोडीत समजावता येते. ‘आमचे’ हा शब्द सगळ्यात शेवटी जातो. सरपंच आणि सदस्यांची यादी, दूरध्वनी क्रमांक, गावच्या मंडळाची जाहिरात ही भर मात्र पहिल्याच दिवशी काढावी लागते.

उपाधींचा वाद नाजूक असतो. मराठी विकिपीडियावर लेखाचे शीर्षक ‘बाबासाहेब आंबेडकर’ असे आहे. नवा सदस्य मागे ‘डॉ.’ किंवा ‘भारतरत्न’ का नाही म्हणून रागावतो, आणि त्यामागची भावना खरी असते. उपाधींची माहिती लेखात आहे, शीर्षक शोधायला सोपे जावे म्हणून तसे ठेवले आहे, असे शांतपणे सांगितले तर बहुतेक जण ऐकतात. नियमाचे नाव फेकून मारले तर भांडण होते, मग उलटवाउलटवी. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवल्यास खाते रोखले जाऊ शकते, आणि नवख्याला हे रोखले गेल्यावरच कळते.

प्रताधिकार

मार्गदर्शकाचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय हाच. वर्तमानपत्र, शासकीय संकेतस्थळ किंवा पाठ्यपुस्तकातला मजकूर उचलून चिकटवणे यात काही चूक आहे असे अनेकांना वाटत नाही. ‘खाली संदर्भ दिला आहे ना?’ हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न असतो. संदर्भ देणे आणि परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे प्रताधिकार टिकतो, आणि विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली कुणालाही, अगदी व्यापारासाठीही, वापरता येतो. दुसऱ्याचा मजकूर असा वाटून टाकायचा हक्क आपल्याला नाही, एवढे सांगितले की मुद्दा पोहोचतो. शब्द मागेपुढे करणे किंवा ‘आहे’ चे ‘असते’ करणे म्हणजेही नक्कलच. दोन-तीन स्रोत वाचून, ते बंद करून, आठवेल ते स्वतःच्या वाक्यांत लिहायचे आणि मग आकडे व नावे पडताळायची, ही रीत शिकवलेली बरी.

असा मजकूर वगळला गेल्यावर तो परत मिळत नाही. इतर कारणांनी वगळलेले पान मात्र प्रचालकाला सांगून सदस्याच्या धूळपाटीवर आणवून घेता येते. चार रात्री जागून लिहिलेला लेख कायमचा नाहीसा झाला नाही, हे कळल्यावर माणसाचा सूर बदलतो.

लिपीच्या अडचणी

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत टंकलेला मजकूर चिकटवला की पानावर निरर्थक अक्षरे उमटतात. तो आधी परिवर्तकातून काढावा लागतो आणि तरीही रफार, जोडाक्षरे तपासावी लागतात. ‘ॲ’ हे अक्षर एकाच युनिकोड चिन्हानेही लिहिता येते आणि ‘अ’ वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. यामुळे ‘असा लेखच नाही’ असे समजून एकाच विषयावर दुसरा लेख तयार होतो. नवा लेख सुरू करण्याआधी शीर्षक दोन्ही प्रकारे शोधायला शिकवणे आणि दुसऱ्या रूपावरून पुनर्निर्देशन (वाचकाला आपोआप मूळ लेखाकडे नेणारे पान) करून ठेवणे हा त्यावर उपाय.

कार्यशाळा

मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, ८ मार्चचा महिला दिन अशा निमित्ताने महाविद्यालयांत संपादन कार्यशाळा होतात. तिथे पहिला फटका खात्यांचा बसतो. विकिमीडिया प्रकल्पांवर एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. प्रयोगशाळेतले सगळे संगणक बाहेर एकाच पत्त्याने दिसत असल्याने सातव्या विद्यार्थ्यापाशी काम अडते. खाती दोन दिवस आधी घरून उघडून आणायला सांगावे, नाहीतर कार्यशाळेची तारीख आणि आयपी पत्ता कळवून मर्यादा तात्पुरती सैल करून घ्यावी, तीही ऐनवेळी नव्हे. खाते उघडताना ईमेल दिला नसेल आणि पासवर्ड विसरला तर ते खाते गेले म्हणून समजावे. व्हीपीएन चालू असेल तर संपादन अडवले जाते. महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या नावाचे सामाईक खाते चालत नाही, एक खाते एका व्यक्तीचे.

पाच शिकणाऱ्यांमागे एक जाणकार असावा. दहामागे एक असला तर निम्मे लोक नुसते बघत बसतात. सगळ्यांना एकच लेख दिला की संपादन संघर्षाचा (दोघांनी एकाच वेळी बदल केल्याचा) संदेश येऊन लिहिलेले जतन होताना अडते, म्हणून प्रत्येकाला वेगळा लेख, नाहीतर निदान वेगळा विभाग द्यावा. पुस्तके समोर टेबलावर हवीत. ती नसली की विद्यार्थी शोधयंत्राकडे वळतात आणि संध्याकाळपर्यंत पन्नास लेखांत चिकटवलेला मजकूर साठतो. तो पुढे आठवडाभर मोजक्या स्वयंसेवकांना उपसावा लागतो. किती लेख तयार झाले याचा आकडा बातमीत छापून येतो. महिन्याभराने त्यातले किती टिकले आणि किती जण पुन्हा आले, हे मोजले जात नाही.

मार्गदर्शनाची मुदत

बहुतेक सदस्य एखादा प्रश्न विचारून परतत नाहीत, आणि त्यात मार्गदर्शकाचा दोष असतोच असे नाही. काहींना केवळ स्वतःविषयी किंवा आपल्या दुकानाविषयी पान हवे असते. त्यांना ‘हे जमणार नाही’ असे स्पष्ट सांगणे दोघांच्याही सोयीचे. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने तसे जाहीर करावे, ही अट विकिमीडियाच्या वापरअटींत २०१४ पासून आहे. ती सुरुवातीलाच सांगितली तर पुढचा मनस्ताप टळतो.

उलट टोकाची चूक म्हणजे जास्त मदत. सदस्याचा लेख मार्गदर्शकानेच रात्रीत दुरुस्त केला की लेख चांगला होतो आणि सदस्य काही शिकत नाही. एक संदर्भ लावून दाखवावा, उरलेले त्याच्यावर सोडावेत. त्याच्या बाजूने इतरांशी वाद घालणेही टाळावे. मार्गदर्शक म्हणजे वकील नव्हे. सदस्य पानाचा इतिहास पाहून स्वतःच कारण शोधू लागला, संपादन सारांश (काय बदलले याची एका ओळीची नोंद) लिहू लागला आणि चर्चा पानावर सही करून बोलू लागला की जोडी सोडायला हरकत नाही. सूर जुळत नसेल तर सदस्य दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जाऊ शकतो, आणि मार्गदर्शकाने यादीतून नाव काढले की त्याच्याकडचे सदस्य इतरांना वाटून दिले जातात.