रेशनकार्डापासून अंगठ्यापर्यंत

मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झालं ते महायुद्धातल्या धान्यटंचाईमुळे. घरोघरी कार्ड आलं, त्यावर जेवढी नावं तेवढं धान्य. टंचाई सरली तरी कार्ड राहिलं. गॅस घ्या, मुलाला शाळेत घाला, दाखला काढा, खिडकीतून पहिला प्रश्न एकच: ‘रेशनकार्ड आणलंय?’ १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं असे त्याचे रंग पडले. पांढऱ्यावर धान्य मिळत नसे, तरी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं जाई. पत्त्याचा पुरावा होता ना! गंमत म्हणजे हे कार्ड ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा म्हणून वापरू नये, असं केंद्राच्या २०१५ च्या आदेशातच आहे.

ओळखीच्या कागदाची दुसरी वाट निवडणूक आणि सुरक्षेची. १९९३ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी मतदारांसाठी फोटो ओळखपत्राचा आग्रह धरला. कारगिल युद्धानंतर मंत्रिगटाने राष्ट्रीय ओळखपत्र सुचवलं आणि २००३ मध्ये नागरिकत्व कायद्यात त्याची तरतूद झाली.

आधार आला तो मात्र वेगळी भाषा बोलत. ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही, त्यांना ओळख द्यायची. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेही मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हजेरीत. सुरुवातीच्या कार्डांवर ‘सामान्य माणसाचा अधिकार’ असं छापलेलं असे. नंतरच्या कार्डांवर ‘माझे आधार, माझी ओळख’ आलं. बदल लहान, पण बराच बोलका. माहिती अधिकारात २०१५ मध्ये बाहेर आलं की तोवरच्या सुमारे ८३.५ कोटी क्रमांकांपैकी जेमतेम २.१९ लाख लोकांनीच कागद नसल्यामुळे ‘ओळख करून देणाऱ्या’ माणसाची मदत घेतली होती. बाकीच्यांकडे कागद आधीपासून होतेच.

आधार नाही म्हणून कुणाची अडवणूक होऊ नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१३ रोजी दिला. पण सरकारी अनुदानासाठी आधार मागण्याची मुभा देणारं २०१६ च्या आधार कायद्याचं कलम ७ आलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये स्वस्त धान्यही आधारला जोडलं गेलं. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खातं आणि मोबाइल सिमची सक्ती गेली, सरकारी अनुदानाची राहिली. निकाल चार विरुद्ध एक असा होता, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं मत देत, मुळात हा कायदा धन विधेयक म्हणून (म्हणजे राज्यसभेच्या संमतीची गरज न ठेवता) संमत करणंच घटनेला धरून नाही, असं म्हटलं.

तांदळाच्या वजनकाट्याशेजारी आता बोटाचा ठसा घेऊन आधारशी पडताळणारं पॉस मशीन असतं. आयुष्यभर ऊस तोडलेल्या, विटा उचललेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. दुकानदार काच पुसतो, म्हणतो, ‘आजी, हात धुऊन या, परत लावू.’ दुसरं बोट, मग तिसरं. मग सर्व्हर जातो. अशा वेळी पर्यायी पद्धतीने धान्य देण्याची तरतूद नियमात आहे. ती आजींना मात्र कुणी सांगितलेली नसते. त्या रिकामी पिशवी घडी करून काखेत मारतात आणि उद्या किती वाजता येऊ, एवढंच विचारतात.