घरच्या घरी एस्प्रेसो आणि स्वादाची कॉफी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे कॉफी घेण्यासाठी येणारे ग्राहक बहुधा दोन प्रश्न विचारतात. घरी एस्प्रेसो करायची तर महागडे यंत्र घ्यावेच लागते का, हा पहिला. आणि बाहेर मिळणारी व्हॅनिलाची किंवा चॉकलेटची कॉफी घरी केली की ती नुसते गोड दूध का लागते, हा दुसरा. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे अर्काचा दाटपणा. कपभर दूध आणि दोन चमचे पाक यांना पुरून उरेल असा अर्क हाती असला, तर त्यात कोणताही स्वाद शोभतो. अर्कच पातळ असेल, तर उत्तमातला उत्तम पाकही त्याला सावरू शकत नाही.

नेमक्या अर्थाने एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून 90 ते 96 अंश सेल्सियस तापमानाचे पाणी सुमारे 9 बार दाबाने 25 ते 30 सेकंदांत पार करून मिळवलेला अर्क होय. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब साधारण 2 ते अडीच बार असतो, त्यावरून या दाबाची कल्पना यावी. 18 ग्रॅम पुडीतून सुमारे 36 ग्रॅम अर्क, हे प्रमाण आरंभासाठी उत्तम असून ते चमच्याने न मोजता वजनकाट्यावर मोजावे. अर्क 15 सेकंदांतच भरभर उतरला, तर पूड जाड आहे आणि कॉफी आंबूस लागेल. 40 सेकंद उलटूनही थेंब थेंबच पडत असेल, तर पूड फार बारीक आहे आणि कॉफी कडवट होईल. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, अन्यथा चूक कोठे झाली हे कळत नाही. यंत्रांच्या खोक्यांवर 15 किंवा 20 बार असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. तो पंपाच्या कमाल क्षमतेचा आकडा असतो. केवळ त्यावर भुलून जास्त पैसे मोजू नयेत.

यंत्र नसेल तर मोका पॉट

मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी 1901 मध्ये ज्या एस्प्रेसो यंत्राचे पेटंट मागितले, ते वाफेच्या जोरावर चालणारे होते आणि त्याचा दाब आजच्या यंत्रांच्या मानाने फारच कमी होता. अर्कावर तांबूस साय धरल्यासारखा जो फेस दिसतो, ज्याला क्रेमा म्हणतात, तो आकिले गाज्जिया यांच्या दांड्याच्या यंत्रामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. तेव्हा 1933 मध्ये आल्फोन्सो बियालेत्ती यांनी बाजारात आणलेला मोका पॉट, म्हणजे खालच्या भागातले पाणी शेगडीवर तापून पुडीतून वर चढते असे कॉफीचे भांडे, 1 ते 2 बारच्या पलीकडे जात नाही म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. त्यातून क्रेमा मिळत नाही, हे खरे. पण दूध किंवा पाक घालून प्यायची असेल, तर त्याचा अर्क पुरेसा दाट असतो. ज्यांना स्वादाची कॉफीच प्रामुख्याने प्यायची आहे, त्यांना आम्ही यंत्राऐवजी मोका पॉट आणि हाताने फिरवायची चांगली चक्की घेण्याचा सल्ला देतो, मग आमचा गल्ला थोडा हलका राहिला तरी चालेल.

मोका पॉटच्या खालच्या भागात सुरक्षा झडपेच्या खाली राहील इतकेच पाणी, तेही आधीच गरम केलेले, भरावे. गार पाणी भरल्यास ते तापेपर्यंत वरची पूड नाहक भाजत राहते. तीन कपांच्या पॉटमध्ये साधारण 15 ते 17 ग्रॅम पूड मावते. ती सपाट करावी, दाबू मात्र नये. आच मंद ठेवून झाकण उघडे ठेवावे. अर्काची धार फिकट होऊन फुरफुरू लागताच पॉट उतरवून त्याचे बूड ओल्या फडक्यावर टेकवावे, म्हणजे शेवटचे कडू पाणी वर चढत नाही. आपल्याकडच्या शेगडीच्या स्टँडवर हा लहानसा पॉट तोल सांभाळत नाही, त्यासाठी फुलके भाजण्याची जाळी खाली ठेवणे सोयीचे होते. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही, म्हणून खरेदीपूर्वी घरी कोणती शेगडी आहे हे आम्हांला अवश्य सांगावे.

बिया आणि दळण

कॉफीच्या बियांच्या मुख्य जाती दोन. अरेबिका सुगंधी व किंचित आंबटसर असते. रोबस्टा कडक, जास्त क्रेमा देणारी आणि जवळजवळ दुप्पट कॅफीन असलेली असते. नुसती प्यायची तर चिकमगळूर किंवा कोडगूची अरेबिका घ्यावी, आणि दुधात घालायची तर तीत चौथा हिस्सा रोबस्टा असावी, असे आमचे मत आहे. दुधाच्या कॉफीसाठी मॉन्सून्ड मलबार हा प्रकारही फार चांगला. पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत पावसाळ्याच्या दमट वाऱ्यावर बिया पसरून ठेवतात. त्या फुगून पिवळसर होतात, त्यांचा आंबटपणा ओसरतो आणि चव भारदस्त होते. (महाराष्ट्रात कॉफी होत नाही असे अनेकांना वाटते, ती चिखलदऱ्याला होते.)

फिल्टर कॉफीच्या पुडीत बहुधा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली असते. पाकिटावर तिचे प्रमाण लिहिलेले असते, ते पाहून घ्यावे, कारण चिकोरी पाण्याने चिकट होऊन बारीक जाळ्यांची छिद्रे बुजवते. एस्प्रेसोच्या यंत्रात आणि मोका पॉटमध्ये निव्वळ कॉफीच वापरावी.

मिक्सरमध्ये दळलेली पूड कोठे मैद्यासारखी तर कोठे भरड राहते, आणि मग एकाच कपात कडू व आंबट अशा दोन्ही चवी उतरतात. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडणारी चक्की, म्हणजे एका अर्थी आपले जातेच, हे दळण एकसारखे करते. मोका पॉटसाठी पूड बारीक रव्यासारखी असावी, एस्प्रेसोसाठी त्याहून बारीक, तरी चिमटीत रवाळ लागेल अशी. भाजल्यानंतर साधारण आठवडाभर बियांतून वायू निघत राहतो, त्यामुळे एस्प्रेसोसाठी त्या लगेच न वापरता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वापराव्यात. पावसाळ्यात पूड दमट होऊन गोळे धरते, म्हणून तेव्हा लागेल तेवढेच दळावे. रोज काढघाल होणारा डबा फ्रिजमध्ये ठेवल्यास आत दव साचते. हवाबंद डबा कोरड्या फडताळातच बरा.

दूध आणि स्वाद

दूध 55 ते 65 अंशांपर्यंतच तापवावे, म्हणजे भांड्याला हात क्षणभरच लावता येईल इतके. उकळी आल्यावर त्याचा नैसर्गिक गोडवा हरपतो आणि फेसही नीट धरत नाही. वाफेची नळी नसेल, तर फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या कॉफीच्या भांड्यात, गरम दूध घालून दट्ट्या वीस-पंचवीस वेळा वरखाली करावा.

मराठी घरांत स्वादाची कॉफी नवी नाही. जायफळ घातलेली दुधाची कॉफी आपल्या आज्या करतच आल्या आहेत. जायफळ ऐन वेळी फेसावर किसावे, तेही चिमूटभर. वेलची मात्र पाकात उतरवणे चांगले. 200 ग्रॅम साखर आणि 200 मिलिलिटर पाणी विरघळेपर्यंत गरम करून त्यात दहा-बारा ठेचलेल्या वेलच्या घालाव्यात, गार झाल्यावर गाळून बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन आठवड्यांत संपवावी. याच रीतीने दालचिनीचा किंवा व्हॅनिलाच्या शेंगेचा पाक होतो. गूळ वापरायचा असेल, तर तो अर्कात विरघळवून घ्यावा आणि दूध कोमट असतानाच मिसळावे. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटण्याचा धोका असतो. मोकासाठी, म्हणजे चॉकलेटच्या कॉफीसाठी, कोको आणि साखर आधी गरम अर्काच्या दोन चमच्यांत घोटून घ्यावी, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत.

उन्हाळ्यात आमच्या घरी सर्वांत जास्त होणारे पेय वेगळेच आहे : बर्फावर 20 मिलिलिटर अमृतकोकम, वर 100 मिलिलिटर सोडा आणि शेवटी हळूच ओतलेला एक एस्प्रेसो. यात दूध अजिबात घालू नये, आणि अमृतकोकमाऐवजी खारे आगळ चुकूनही वापरू नये. व्हॅनिला आइस्क्रीमच्या गोळ्यावर गरम एस्प्रेसो ओतला की इटालियन आफोगातो तयार होतो. तेथे पाकाची गरजच नाही.

हेझलनट, कॅरॅमल अशा सुगंधात घोळवलेल्या बिया आम्ही विकत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज असतात. त्या सुगंधाचा तेलकट थर चक्कीला बसतो आणि पुढचे कित्येक दिवस प्रत्येक कॉफीला तोच वास येतो, हे त्याचे कारण. स्वाद कपात घातला, तर तो आवडेल तितका आणि आवडेल त्या दिवशीच घालता येतो.

निगा आणि प्रमाण

बोअरवेलच्या जड पाण्याने यंत्रात क्षार साचतात, म्हणून गाळलेले मऊ पाणी वापरावे आणि यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठरावीक काळाने क्षार काढावेत. ॲल्युमिनियमच्या मोका पॉटला खाण्याचा सोडा किंवा तारेची घासणी लावू नये, तो काळा पडतो. रबराची कडी कडक झाली किंवा तिला चीर गेली की बदलून घ्यावी.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रियांसाठी 200 मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सुचवली आहे. एका लहान एस्प्रेसोत साधारण 60 ते 80 मिलिग्रॅम कॅफीन असते, रोबस्टा असल्यास अधिक. दिवसभरातला चहाही यात मोजावा.

बिया आमच्याकडून दळून न्यायच्या असतील, तर उपकरणाचे नाव सांगावे आणि एका वेळी आठवड्यापुरतीच पूड न्यावी. पुडीचा जाडपणा न जमल्यास उरलेले पाकीट आणि अर्क उतरण्यास लागलेले सेकंद लिहून आणावेत, म्हणजे पुढचे दळण त्याप्रमाणे करून देता येईल.